लहान नौकेचा खरखरीत डेक

प्रदर्शनांत नौकांच्या प्रतिकृती मांडल्या कीं पाहुणे प्रथम काय करितात? डेकावरून बोट फिरवितात, आणि तें खरखरलें कीं "वा! अगदीं खऱ्यासारखें!" असें उद्गारतात. वाचकहो, हें बोट मोठें फसवें आहे. त्याच्या भरंवशावर बक्षिसें देण्याची चाल बंद व्हावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

खरा डेक खरखरीत कां असतो? ब्रिटन व आयर्लंड यांच्या किनाऱ्यांवर बुडत्यांस वांचविणारी 'रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन' ही संस्था १८२४ सालीं स्थापन झाली. तिच्या 'सेव्हर्न' जातीच्या नौका सुमारें १७ मीटर लांब असतात. इतर नौका बंदराचा आश्रय शोधीत असतां ह्या बाहेर पडतात. डेक ओला, नौका कलती, आणि खलाशाचे दोन्ही हात दोरांत गुंतलेले! अशा वेळीं पाय घसरला, तर वांचविणाऱ्यासच वांचविण्याची पाळी यावयाची. म्हणून डेकाच्या रंगांत बारीक कण घालण्याची रीत पडली. परंतु रंगविलेल्या डेकावर हे कण बहुधा सरसकट पसरीत नाहींत. कडेस, दोर बांधण्याच्या खुंटांभोंवतीं व झांकणांभोंवतीं गुळगुळीत पट्टी सोडतात. तेथें पाणी व घाण अडून राहत नाहीं.

आतां थोडें गणित. १:२४ या प्रमाणांत १७ मीटरांची नौका सुमारें ७१ सेंटिमीटरांची होते. १२० नंबरच्या पॉलिश पेपराचा कण सुमारें १/८ मिलिमीटर असतो. तो प्रतिकृतीवर चिकटविला, म्हणजे खऱ्या डेकावर ३ मिलिमीटरांचे, मोहरीहून मोठे खडे पसरल्यासारखें झालें! तेथें गुडघे टेकणाऱ्याचे गुडघे सोलूनच निघतील. ६०० नंबरच्या पेपराचा कण सुमारें १/४० मिलिमीटर. चोवीसपट केला तरी तो रव्याएवढाच भरतो. हें शोभतें, पण बोटास तें जवळजवळ कळत नाहीं.

आम्हींही हा अपराध केला आहे. पहिल्या नौकेवर आम्हीं चाळलेली वाळू पेरली, आणि डेक तिळाच्या वडीसारखा दिसूं लागला. बक्षीस मात्र मिळालें!

पुढें आम्हीं निराळा मार्ग धरिला. गुळगुळीत राखावयाच्या जागीं चिकटपट्टी लावावी. उरलेल्या भागास पातळ रंग द्यावा. तो ओला असतांच मलमलीच्या पुरचुंडींतून टाल्कम पावडर झाडावी. वाळल्यावर मऊ कुंचल्यानें सैल पावडर काढून, बिनचकाकीच्या रंगाचा एक विरळ हात द्यावा आणि मग पट्ट्या सोडवाव्या. कोणी म्हणेल, नौका हौदांत सोडली तर पावडर टिकेल काय? वरून बिनचकाकीचें व्हार्निश दिलें असतां आमची टिकली.

परीक्षकांनीं हातभर दूर उभें राहून डेक पाहावा, आणि मुलास एवढेंच विचारावें: "खलाशी पाय कोठें ठेवील?" ज्यानें गुळगुळीत पट्ट्या जाणून सोडल्या आहेत, तो चटकन् बोट दाखवील. वाळू पेरणारा गप्प राहील. आम्हीही त्या वर्षीं राहिलों असतों.

पट्ट्या कापण्यांतच तीन संध्याकाळी जातात, हें आधींच सांगून ठेवितों. आणि पावडरीचा डबा आईस विचारूनच न्यावा. आमच्या घरीं त्याची चौकशी दोन दिवस चालली होती.