कौल आणि कसोटी

जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत बोलताना केंद्रीय मनुष्यबळ विकास खात्याचे राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा उत्क्रांतिवाद शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचे जाहीर केले. कारण काय, तर माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी कोठे लिहून वा सांगून ठेवलेले नाही. देशातील तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून त्याचा प्रतिवाद केला, वृत्तपत्रांनी चार दिवस थट्टा केली आणि विषय संपला. तो तेथे संपावयास नको होता. 'पण हे पाहिले कोणी?' हा प्रश्न मंत्र्याने विचारला म्हणून हास्यास्पद वाटतो. गावच्या पारावर किंवा आपल्या अभ्यासशिबिरात तोच प्रश्न एखादा प्रामाणिक तरुण विचारतो, तेव्हा त्याला हसण्याचा आपणास अधिकार नाही. त्याला उत्तर मिळाले पाहिजे.

उत्तर कठीण नाही. मंत्रिमहोदय राजकारणात येण्यापूर्वी मुंबईचे पोलीस आयुक्त होते. खून होताना कोणी पाहिला नाही म्हणून पोलीस तपास थांबवीत नाहीत. बोटांचे ठसे, रक्ताचे डाग, जाण्यायेण्याच्या वेळा यांची साखळी जुळवून ते निष्कर्ष काढतात आणि ती साखळी अखंड असेल तर न्यायालय ती ग्राह्य धरते. जे डोळ्यांना दिसले नाही ते मागे उरलेल्या खुणांवरून जाणणे ही विज्ञानाची नित्याची रीत आहे.

तथापि विज्ञान याच्याही एक पाऊल पुढे जाते. ते आधी भाकीत करते आणि मग ते भाकीत खोटे ठरण्याची संधी निसर्गाला देते. मासे आणि चतुष्पाद प्राणी यांच्यामधला दुवा असलाच, तर तो सुमारे साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडावा, असा तर्क करून काही अमेरिकन संशोधक कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय प्रदेशातील एल्समिअर बेटावर गेले. अनेक उन्हाळे खोदकाम केल्यावर २००४ साली त्यांना 'टिक्टालिक' सापडला. त्याला माशाचे खवले आणि कल्ले होते, पण मान मोकळी होती आणि परांच्या आत खांदा, कोपर व मनगट यांच्या हाडांची ठेवण होती. कोणत्या वयाच्या खडकात काय मिळेल हे अगोदर सांगून ते शोधून काढणे, याला कसोटी म्हणतात.

राहिला माकडाचा प्रश्न. माणूस आजच्या माकडांपासून झाला असे उत्क्रांतिवाद म्हणतच नाही. दोघांचे पूर्वज एक होते, एवढेच तो म्हणतो. एका आजोबांची दोन घरे झाली, तर एक घर नांदते आहे म्हणून दुसऱ्याची वंशावळ खोटी ठरत नाही. 'हा तर नुसता सिद्धान्त आहे' हा आक्षेपही असाच शब्दच्छलावर उभा आहे. व्यवहारात सिद्धान्त म्हणजे अंदाज असे आपण समजतो. विज्ञानात पुष्कळ कसोट्यांतून तावूनसुलाखून निघालेल्या स्पष्टीकरणालाच ते नाव मिळते.

दुसरा प्रश्न यापेक्षा अवघड आहे, कारण तो अनुभवाच्या जोरावर विचारला जातो. 'ज्योतिषाने सांगितलेले आमच्या घरात खरे झाले, त्याचे काय?' अनुभव खोटा नसतो. त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा असू शकतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. कावळा बसूनही न तुटलेल्या फांद्या मात्र कोणी मोजून ठेवीत नाही. विज्ञान त्या मोजते.

ती कशी मोजावी याचा उत्तम नमुना पुण्यात २००८ साली घडला. डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि पूर्वी स्वतः ज्योतिष पाहणारे प्रकाश घाटपांडे यांनी दोनशे मुलांच्या कुंडल्या जमविल्या. त्यांपैकी शंभर मुले शाळेत हुशार म्हणून गणलेली आणि शंभर बौद्धिकदृष्ट्या अक्षम होती. कुंडली कोणाची हे सांकेतिक क्रमांकाखाली गुप्त ठेवण्यात आले. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस कुंडल्या दिल्या आणि कोणती कोणत्या गटातली एवढेच सांगावयास सांगितले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठविली; त्यांतील सरासरी शेकडा ४६ बरोबर होती. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी शेकडा ५० च्या आसपास बरोबर आली असती. सर्वांत यशस्वी ज्योतिषाची चाळीसपैकी २४ उत्तरे बरोबर आली. परंतु सत्तावीस जणांनी चाळीस-चाळीस वेळा नाणे उडविले तरी त्यांतील तिघाचौघांना तेवढे यश निव्वळ योगायोगाने मिळेल. एरवी त्या एका ज्योतिषाची कीर्ती पंचक्रोशीत पसरली असती आणि उरलेले सव्वीस विस्मरणात गेले असते.

या प्रयोगास लाखोंचे यंत्र लागले नाही. प्रश्न नेमका विचारावा, उत्तर चुकण्यास वाव ठेवावा, तपासणाऱ्याचा कल निकालात शिरणार नाही अशी व्यवस्था करावी, मोजावे आणि जे येईल ते जसेच्या तसे जाहीर करावे, एवढीच वैज्ञानिक पद्धती आहे. ती प्रयोगशाळेच्या चार भिंतींत कोंडलेली नाही. वाडीतल्या मुलांना जुलाब होतात ते कोणत्या विहिरीच्या पाण्याने, हेही याच रीतीने शोधावे लागते.

मग सत्ताधाऱ्यांना तिचे वावडे का असावे? २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळण्यात आला. अभ्यासाचा बोजा कमी करावयाचा, असे कारण देण्यात आले. अठराशेंहून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी त्याविरुद्ध सह्या केल्या. दहावीनंतर जीवशास्त्र न घेणाऱ्या, अथवा शाळाच सोडणाऱ्या मुलाने हा विषय शिकावयाचा कोठे? बोजा हलका झाला तो श्रीमंताच्या मुलाचा नव्हे, त्याला पुस्तके घरी मिळतात. कष्टकऱ्याच्या मुलाच्या हातातून मात्र प्रश्न विचारण्याचे एक साधन गेले. 'पुरावा काय?' असे विचारण्याची सवय लागलेला माणूस उद्या तोच प्रश्न मजुरीच्या हजेरीपटाला आणि सरकारी आकड्यांनाही विचारतो.

येथे आपणही अंतर्मुख झाले पाहिजे. १९४८ च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोत लायसेन्कोने आपल्या मताला पक्षाच्या मध्यवर्ती समितीची मान्यता असल्याचे जाहीर केले आणि सोव्हिएत देशात आनुवंशिकीचे शास्त्र बहिष्कृत झाले. निकोलाय वाविलोव्हसारखा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ त्याआधीच, १९४३ साली, तुरुंगात मरण पावला होता. गव्हाचे दाणे मात्र मध्यवर्ती समितीचे ठराव वाचून उगवत नाहीत. समाजवादाचे नाव घेऊन सत्याचा निर्णय बहुमताने वा बंदुकीने करता येतो असे ज्यांनी मानले, त्यांनी विज्ञानाची हानी केली आणि समाजवादाचीही. मत मांडणाऱ्याला निर्भयपणे विरोध करता येतो तेथेच कसोटी खरी होते. म्हणून वैज्ञानिक वृत्ती आणि लोकशाही यांची फारकत करता येत नाही.

आणीबाणीत झालेल्या ४२व्या घटनादुरुस्तीने १९७६ साली वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद, शोधक बुद्धी आणि सुधारणावाद यांचा विकास करणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरविले. निर्भय विरोधकांना तुरुंगात डांबलेल्या काळात हे शब्द संविधानात यावेत, हा इतिहासाचा विरोधाभास आहे. पण ते शब्द मोलाचे आहेत आणि त्यांची किंमतही मोजली गेली आहे. ज्योतिषाची परीक्षा घेणाऱ्या डॉ. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला.

त्यांचे स्मरण सभा आणि पुष्पहार यांनी पुरे होणार नाही. प्रत्येक शाखेने आपल्या परिसरातील एक दावा निवडावा, मग तो बुवाचा असो, औषधविक्याचा असो, सरकारचा असो वा आपल्याच पुढाऱ्याचा असो, आणि तो लोकांसमक्ष तपासावा. निकाल आपल्या अपेक्षेविरुद्ध गेला तर तोही तितक्याच मोठ्या आवाजात सांगावा. देवळात कौल लावताना उत्तर मनासारखे आले नाही की पुन्हा लावता येतो. कसोटीला ती सवलत नाही, आणि म्हणूनच तिच्यावर विसंबता येते.