सवाली नव्हे, सवाल घेऊन जा

आमचे शालेय शिक्षण उर्दू माध्यमात झाले. तेथे 'सवाल' हा शब्द आम्ही दोन अर्थांनी शिकलो. सवाल म्हणजे प्रश्न आणि सवाल म्हणजे मागणेही. दारात येऊन हात पसरणाऱ्याला म्हणूनच 'सवाली' म्हणतात. तीस वर्षे कापडाच्या बाजारात काढल्यावर आज आम्हाला असे वाटते की, आपल्या व्यापारी व कारागीर वर्गाने या शब्दाचा दुसरा अर्थ तेवढा लक्षात ठेवला आणि पहिला विसरून गेला.

कोणत्याही यंत्रमागाच्या गावात सकाळी आमदारांच्या कार्यालयासमोर जाऊन पाहावे. बाकावर माणसे बसलेली असतात. कोणाला मुलाच्या प्रवेशासाठी शिफारसपत्र हवे असते, कोणाला मीटर, कोणाला रेशन कार्ड. कोणाला पोलीस ठाण्यात एक फोन हवा असतो, तर कोणी लग्नाची पत्रिका घेऊन आलेला असतो. त्या बाकावर आम्हीही बसलेलो आहोत. गरजवंताचे काम झाले पाहिजे, त्याला आमचा विरोध नाही. परंतु शिफारसपत्र एखादा कारकूनही टाईप करून देईल. ज्या कामासाठी आपण मत देतो, ते काम दुसरे कोणी करू शकत नाही. सभागृहात उभे राहून मंत्र्याला जाब विचारणे, हे ते काम होय. आपण कोटी रुपयांचे मंत्री म्हणतो, पण प्रश्न पटलावर आला की त्यांनाही उठून उत्तर द्यावे लागते.

हे काम कसे चालते, याची माहिती आपल्या बाजारात फारच थोड्यांना आहे. लोकसभेत कामकाजाचा पहिला तास, सकाळी ११ ते १२, प्रश्नांसाठी राखलेला असतो. राज्यसभेत २०१४ पासून हा तास दुपारी १२ वाजता सुरू होतो. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० प्रश्न तारांकित असतात. त्यांची उत्तरे मंत्री तोंडी देतात आणि त्यावर सभासदांना उपप्रश्न विचारता येतात. आणखी २३० प्रश्न अतारांकित असतात. त्यांची उत्तरे लेखी मिळतात. प्रश्नाची सूचना निदान १५ दिवस अगोदर द्यावी लागते. आपल्या राज्यातही तारांकित आणि अतारांकित असे दोन प्रकार आहेत. शिवाय लक्षवेधी सूचना आणि अर्ध्या तासाची चर्चा ही साधने आहेतच.

प्रश्नाची खरी ताकद मात्र सभागृहाच्या बाहेर आहे. सूचना स्वीकारली की ती त्या खात्याकडे जाते, खाते जिल्ह्याला विचारते आणि जिल्ह्याचे कार्यालय गावातल्या अभियंत्याला विचारते. जो अभियंता आपल्या दहा अर्जांना उत्तर देत नाही, त्याला आता स्वतःच्या सहीने मुदतीत लिहून द्यावे लागते की काय झाले आणि का झाले. मंत्र्याच्या तोंडून जे उत्तर येते, त्याची सुरुवात अशी आपल्याच गल्लीतून होते.

एक प्रश्न किती लांब जाऊ शकतो, याचे उदाहरण जुने आहे, पण व्यापाऱ्यांनी ते विसरू नये. आयुर्विमा महामंडळ १९५६ साली स्थापन झाले. त्यात सामान्य विमेदारांची बचत होती, म्हणजे अमानतच. जून १९५७ मध्ये या महामंडळाने हरिदास मुंदडा नावाच्या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. त्यातली एक कंपनी कानपूरची ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन होती. लोकरीच्या कापडासाठी नावाजलेली लाल इमली गिरणी तिचीच. लोकसभेत याबद्दल प्रश्न आला तेव्हा सरळ उत्तर मिळाले नाही. तेवढ्यावर प्रकरण मिटले असते. पण डिसेंबर १९५७ मध्ये फिरोज गांधी उभे राहिले. ते सत्ताधारी काँग्रेसचेच सभासद आणि पंतप्रधान नेहरूंचे जावई होते. त्यांनी आरडाओरडा केला नाही. बाजारात शेअरचा भाव काय होता आणि महामंडळाने कोणत्या भावाने घेतले, हे त्यांनी सभागृहापुढे मांडले. बाजारात स्वस्त मिळणारा माल जाणूनबुजून महाग का घेतला? हा प्रश्न समजायला वकिली लागत नाही, कापडाच्या दुकानातल्या गुमास्त्यालाही तो समजतो.

पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमदअली करीम छागला यांच्याकडे चौकशी सोपविण्यात आली. त्यांनी ती मुंबईत सर्वांसमक्ष चालविली. गर्दी एवढी की लोकांना ऐकू यावे म्हणून बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. काही आठवड्यांतच अहवाल आला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना राजीनामा द्यावा लागला. याची सुरुवात ना मोर्चाने झाली, ना घोषणेने. एका प्रश्नाने झाली, आणि त्या प्रश्नाच्या हातात भावाचा कागद होता.

आता आमच्याच बाजारातली गोष्ट सांगतो. ती सांगताना संकोच वाटतो, कारण तीत दोष आमचाही आहे. २०१३ साली आमच्या कारखान्यांच्या गल्लीत विजेचा दाब सारखा वरखाली होत होता. मोटारी जळत होत्या. आम्ही ज्यांना मजुरीवर विणायला सूत देत होतो, त्यांचे माग आठवड्यातून तीन दिवस बंद पडत होते. तागे वेळेवर निघेनात आणि आमची ऑर्डर परत गेली. आम्ही पाच-सहा जण आमदारांकडे शिफारसपत्र मागायला गेलो. ते म्हणाले, "पत्रे पाहिजे तितकी देतो. पण मी प्रश्नच टाकतो ना! गल्लीत माग किती, मोटारी कोणत्या तारखांना जळल्या, दुरुस्तीची बिले आणि तक्रारींच्या पोचपावत्या आणून द्या."

आम्ही दोन संध्याकाळी बैठक घेतली. कोणीही मागांचा आकडा सांगायला तयार होईना. एकाचे माग चोवीस आणि कागदावर बारा. दुसऱ्याला कामगार खात्याची भीती. तिसऱ्याने मोटारीची दुरुस्ती रोखीने केली होती, बिल घेतलेच नव्हते. आणि आम्ही? कोणाला किती सूत दिले आहे, हे वहीत असूनही आम्ही सांगितले नाही. कराच्या कार्यालयाचे डोळे आपल्याकडे वळतील, असे वाटले.

शेवटी "मोठ्या प्रमाणावर नुकसान होत आहे, हे खरे आहे काय?" एवढ्याच शब्दांवर प्रश्न गेला. काही महिन्यांनी छापील उत्तर हातात आले : "(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही."

त्या दिवशी बाजारात सगळ्यांनी शासनाला शिव्या दिल्या. आम्हाला मात्र रात्री झोप आली नाही. आमच्या गल्लीत काहीही झाले नव्हते, हे आता सरकारी दप्तरात कायमचे नोंदले गेले होते, आणि ते लिहायला जागा आम्हीच मोकळी ठेवली होती.

दोन वर्षांनी पुन्हा तीच वेळ आली, तेव्हा आम्ही आधी आपली वही उघडली. ते पाहून आणखी काही जण पुढे आले. जळालेल्या मोटारींची अकरा बिले आणि सात पोचपावत्या जमल्या. या खेपेस उत्तर आले : "हे अंशतः खरे आहे." त्याखाली नवीन रोहित्र बसविण्याचे काम प्रस्तावित असल्याचे लिहिले होते. आठ महिन्यांनी रोहित्र बसले. गल्लीच्या दुसऱ्या टोकाची तक्रार आजही आहे, आणि ज्या भीतीने आम्ही आकडे दडवले होते, ती सगळी खोटी होती असेही आम्ही म्हणणार नाही. एकाला नोटीस आली आणि त्याने फरक भरला. परंतु "खरे नाही" पासून "अंशतः खरे आहे" येथपर्यंतचा प्रवास अकरा बिलांनी घडवला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

काही व्यापारी मित्र म्हणतात, "प्रश्नाने काय होते? ओळखीने काम होते." ओळखीने एकाचे काम होते, हे आम्हालाही मान्य आहे. पण ओळखीने आलेला मीटर ओळख संपली की अडतो. उत्तरात छापून आलेले रोहित्र सगळ्या गल्लीचे असते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रश्नही विकले जातात, असे म्हणतात. ते घडलेले आहे. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारण्याच्या प्रकरणात ११ खासदारांचे सभासदत्व गेले, १० लोकसभेचे आणि १ राज्यसभेचा. पण ज्या वस्तूला किंमत नाही, ती विकत घ्यायला कोणी येत नाही. पैसेवाल्यांना प्रश्नाची किंमत कळली, आणि ज्यांना तो फुकट विचारून घेता येतो त्यांना कळली नाही, ही खेदाची गोष्ट आहे. सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनाचे कारण देऊन संसदेच्या अधिवेशनातून प्रश्नोत्तराचा तासच वगळण्यात आला, फक्त लेखी उत्तरे राहिली. उपप्रश्न विचारण्याची सोय गेली, याची आमच्या बाजारात कोणी चर्चा केल्याचे आम्हाला आठवत नाही. सुताचा भाव किलोमागे दोन रुपयांनी वाढला असता, तर दिवसभर झाली असती.

मग व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी करावे काय?

पहिली गोष्ट, कोणता प्रश्न कोठे जातो हे ओळखावे. सुतावरील आयात शुल्क आणि लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत चुकते करण्याबाबत २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात घातलेली तरतूद हे दिल्लीचे विषय आहेत. ते खासदारांकडे न्यावेत. यंत्रमागांची वीज सवलत, राज्याचे वस्त्रोद्योग धोरण, मौलाना आझाद महामंडळाचे कर्जवाटप हे आमदारांचे विषय. जीएसटीचे दर जीएसटी परिषदेत ठरतात आणि तेथे राज्याचे मंत्रीही बसतात, म्हणून तो विषय दोन्हीकडे विचारता येतो. गटार तुंबले असेल तर नगरसेवकाकडे जावे. गटारासाठी खासदाराला आणि आयात शुल्कासाठी नगरसेवकाला धरून बसण्यात आपली निम्मी वर्षे गेली.

दुसरी गोष्ट, प्रश्न नेमका असावा. "यंत्रमाग धंदा डबघाईस आला आहे, हे खरे आहे काय?" असे विचारले की मंत्रिमहोदय योजनांची यादी वाचून खाली बसतात. "अमुक योजनेत आमच्या तालुक्यातून गेल्या वर्षी किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती रक्कम प्रत्यक्ष दिली आणि उरलेले अर्ज कोणत्या कारणाने पडून आहेत?" असे विचारले की आकडा द्यावाच लागतो. एकदा आकडा मिळाला की पुढच्या अधिवेशनातला उपप्रश्न आपोआप तयार होतो.

तिसरी गोष्ट, उत्तर जपून ठेवावे. मंत्र्यांनी सभागृहात "तपासून पाहू", "कार्यवाही करू" असे म्हटले तर ते आश्वासन ठरू शकते आणि दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करण्यासाठी सभागृहाची वेगळी समिती असते. उधारीची चिठ्ठी आपण जशी जपतो, तसा हा कागदही जपला पाहिजे. आपण मात्र प्रश्न विचारल्याच्या बातमीवर हार घालतो आणि उत्तर काय आले, हे पाहतही नाही.

आणखी एक. आपल्या प्रतिनिधीने फक्त आपलेच प्रश्न विचारावेत, असा आग्रह धरू नये. जो सभासद कापसाच्या भावावर, सरकारी रुग्णालयातल्या औषधांवर, धरणाच्या पाण्यावर आणि शाळेच्या शिक्षकांवरही अभ्यासाने बोलतो, त्याने मागांबद्दल तोंड उघडले की मंत्री सावध होऊन ऐकतात. ज्याचा एकच विषय असतो, त्याचे उत्तर खाते आधीच लिहून ठेवते. आणि कापूस पिकविणाऱ्याचा भाव पडला तर उद्या आपल्या सुताचे काय होणार, हे सांगायला नको.

राज्याची अधिवेशने दरवर्षी ठरलेल्या हंगामात येतात, अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. प्रत्येक व्यापारी संघटनेने त्याआधी एक संध्याकाळ काढावी. चार प्रश्न लिहावेत आणि प्रत्येकाला बिलांच्या आणि पोचपावत्यांच्या प्रती जोडाव्यात. अधिवेशन संपल्यावर आलेली उत्तरे सर्वांना वाचून दाखवावीत. आमच्या पेढीवर २०१३ चे ते छापील उत्तर आम्ही अजून ठेवले आहे. आमदारांकडे निघालेला कोणी सल्ला विचारायला आला की आम्ही आधी तेच त्याच्या हाती देतो आणि विचारतो, "भाई, बिल आणले आहे काय?"