विश्लेषण : हरित हायड्रोजनसाठी प्लॅटिनमऐवजी निकेल? जिवाणूंकडे काय उत्तर आहे?

२०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन तयार करण्याचे भारताचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय अभियानाला मंजुरी मिळाली. मात्र खर्चाचा प्रश्न कायम आहे. त्याचे एक उत्तर निकेल आणि गंधक यांच्या जोडीत शोधले जात आहे.

प्लॅटिनमची अडचण काय?

पाण्यापासून हायड्रोजन वेगळा करणाऱ्या ‘पेम’ प्रकारच्या इलेक्ट्रोलायझरमध्ये उत्प्रेरक म्हणून प्लॅटिनम आणि इरिडियम लागते. दोन्ही धातू दुर्मीळ आणि महाग. त्यांचा सर्वाधिक पुरवठा एकट्या दक्षिण आफ्रिकेतून होतो.

जिवाणू काय करतात?

अनेक जिवाणू हेच काम ‘हायड्रोजनेज’ या विकराच्या मदतीने, साध्या तापमानाला करतात. त्याच्या एका प्रकारात निकेल आणि लोह शेजारी असतात. १९९५ मध्ये त्याची रचना उलगडली, तेव्हा निकेलभोवती गंधकाचे चार अणू दिसले.

गंधक कशासाठी?

निकेलला सहसा +२ ही अवस्था मानवते. +३ अवस्था गाठणे अवघड. गंधक मात्र स्वतःचे इलेक्ट्रॉन निकेलसोबत वाटून घेतो आणि हे काम सोपे करतो. त्यामुळे इलेक्ट्रॉन नेमका कोणाचा गेला, निकेलचा की गंधकाचा, हे ठरवणेच कठीण होते.

ते कळते कसे?

दोन वर्णपटांमधून. ईपीआर तंत्राला एकटा इलेक्ट्रॉन दिसतो. म्हणजे +३ निकेल दिसतो, +२ दिसत नाही. ही उणीव अवरक्त वर्णपट भरून काढतो. लोहाला कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइड जोडलेले असतात. निकेलची अवस्था बदलली की त्यांच्या कंपनांची वारंवारता सरकते.

मग अडले कुठे?

बहुतेक हायड्रोजनेज ऑक्सिजन लागताच बंद पडतात. काही मिनिटांत सावरतात, काहींना तास लागतात. प्रयोगशाळेत बनवलेल्या संयुगांत गंधकाचेच ऑक्सिडीकरण होऊन रेणू मोडू शकतो. विकरात प्रथिनाचे कवच त्याला जपते.

पुढे काय?

काही जिवाणूंचे हायड्रोजनेज हवेतही टिकते. त्यातील लोह-गंधकाचा खास समूह ऑक्सिजनला झटपट इलेक्ट्रॉन पुरवून त्याचे पाणी करतो. ही युक्ती कृत्रिम उत्प्रेरकात उतरवणे हे खरे आव्हान आहे. अल्कलाइन इलेक्ट्रोलायझरमध्ये निकेल आजही वापरले जाते. पण जिवाणूंची कार्यक्षमता कारखान्यात टिकवता आली, तरच महागड्या धातूंवरचे अवलंबित्व खऱ्या अर्थाने कमी होईल.