रंगांना अर्थ कोण देते?

नवरात्र जवळ आले की एक तक्ता सर्वत्र फिरू लागतो. पहिल्या माळेला अमुक रंग, दुसरीला तमुक; प्रत्येक रंगापुढे देवीचे एक रूप आणि त्या रंगाचे वस्त्र नेसल्याने मिळणारे फळ. पिवळा म्हणजे ज्ञान, पांढरा म्हणजे शांती, लाल म्हणजे शक्ती, हिरवा म्हणजे समृद्धी, अशी ही समीकरणे असतात. नवरात्र संपले तरी ती संपत नाहीत. घराच्या कोणत्या भिंतीला कोणता रंग द्यावा, परीक्षेला जाताना कोणत्या रंगाचा रुमाल जवळ ठेवावा, येथपर्यंत त्यांचा विस्तार झालेला आहे. श्रद्धाळूंनी ती मानावीत आणि इतरांनी हसण्यावारी न्यावीत, अशी एक सोयीस्कर वाटणी आपल्याकडे झालेली दिसते. साहित्याच्या अध्यापकाला मात्र या वाटणीत सहभागी होता येत नाही. शब्दाला अर्थ कोठून येतो हा प्रश्न जो वर्षानुवर्षे वर्गात मांडतो, त्याने रंगाला अर्थ कोठून येतो हेही विचारावयास हवे.

प्रथम या तक्त्याकडेच पाहू. २०२३ मध्ये नवरात्र रविवारी बसले आणि पहिल्या माळेचा रंग नारिंगी होता. २०२४ मध्ये ते गुरुवारी बसले, रंग पिवळा. २०२५ मध्ये सोमवारी, रंग पांढरा. तिन्ही वर्षी पहिल्या दिवसाची देवी शैलपुत्रीच होती. म्हणजे रंग देवीला नव्हे, वाराला चिकटलेला आहे. सोमवारला चंद्राचा पांढरा, मंगळवारला मंगळाचा लाल, गुरुवारला गुरूचा पिवळा. तरीही दरवर्षी त्या त्या रंगाखाली शैलपुत्रीला तोच रंग का प्रिय आहे, याचे नवे कारण छापून येते. अर्थ आधी आणि रंग मागून, असे येथे घडत नाही. रंग आधी ठरतो, मग त्याला अर्थ शोधला जातो.

घट, माळ, अखंड दिवा आणि कडाकण्या आमच्या आजीच्या पिढीलाही ठाऊक होत्या. नऊ साड्यांचे नऊ रंग ठाऊक नव्हते. ही प्रथा सार्वत्रिक झाली ती या शतकाच्या पहिल्या दशकात, मराठी वृत्तपत्रांच्या द्वारा. अर्थात, प्रथा नवी आहे म्हणून ती त्याज्य ठरत नाही. सकाळच्या लोकलच्या डब्यात अनोळखी बायका एकाच रंगात दिसतात आणि एकमेकींकडे पाहून हसतात, हा आनंद खोटा नाही. माझा आक्षेप आनंदाला नाही. त्या आनंदाला शाश्वत अध्यात्माचे प्रमाणपत्र जोडण्याला आहे.

या संदर्भात आपली भाषा काय सांगते ते पाहण्यासारखे आहे. रंग, राग, अनुराग, रंजन, विराग, वैराग्य हे सारे शब्द एकाच ‘रञ्ज्’ या धातूपासून आलेले आहेत. रंगणे हा त्याचा मूळ भाव. ‘रक्त’ म्हणजे रंगलेला, ‘विरक्त’ म्हणजे ज्याचा रंग उतरला तो. मराठीने रागाला क्रोधापुरते मर्यादित केले. संस्कृतात तो आसक्तीसाठीही येतो. म्हणजे कोणता रंग कोणते फळ देतो, हा या शब्दकुळाचा प्रश्नच नव्हता. मन कशाने रंगले आहे आणि तो रंग उतरतो कसा, हा त्याचा प्रश्न होता. पण याच भाषेत ‘वर्ण’ हाही शब्द आहे. तो रंगाचा वाचक आहे, अक्षराचा आहे, आणि समाजाच्या उतरंडीचाही आहे. रंगाच्या अर्थाची चर्चा निरागस नसते, याची आठवण हा एकच शब्द पुरेशी करून देतो.

पेणमध्ये राहणाऱ्याला हा विचार पुस्तकातून करावा लागत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर येथील आणि हमरापूर, जोहे या परिसरातील गणपतीच्या कारखान्यांत रंगकाम सुरू झालेले असते. शाडूच्या किंवा प्लास्टरच्या मूर्तीवर प्रथम पांढरा हात, मग अंगाचा रंग, मग पीतांबर, शेला, दागिने, मुकुटाचे सोनेरी, आणि डोळ्यांची आखणी. ज्या आखणीसाठी पेणची मूर्ती ओळखली जाते, ती तर केवळ काही बारीक रेषांची गोष्ट आहे.

गणपती अथर्वशीर्षात गणेशाचे ध्यान रक्तवर्णाचे आहे. त्याचे वस्त्र आणि गंधही तांबडेच सांगितले आहे. पेणचा गणपती मात्र बहुधा बदामी किंवा गुलाबी अंगाचा असतो. येथून जवळच पालीचा बल्लाळेश्वर शेंदूरचर्चित आहे. या तीन रंगांत भाविकाला कधी विरोध जाणवलेला नाही. एकदा एका कारखान्यात मी एका वयस्क कारागिराला विचारले, “पीतांबराला पिवळाच का?” ते म्हणाले, “मॅडम, पीतांबर म्हटल्यावर पिवळाच नको का?” थोडे थांबून त्यांनी पुस्ती जोडली, “पण गिऱ्हाईक जांभळा सांगतं, तर आम्ही जांभळा देतो. त्यालाही पीतांबरच म्हणतात.” शब्द आणि अर्थ यांच्या संबंधावर इतके नेमके भाष्य मला वर्गात करता आलेले नाही. प्रत्यक्ष रंग देणाऱ्याने आपला अर्थ रंगावर लादलेला नसतो. तो कामाचा क्रम पाळतो, हात स्थिर ठेवतो आणि रंगाचे नाव घरच्यांवर सोपवतो.

रंग हा पदार्थही आहे, हे या जिल्ह्यात विसरता येत नाही. रोह्याच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत सुदर्शन केमिकलचा रंगद्रव्यांचा मोठा कारखाना आहे. एकाच जिल्ह्यात एकीकडे रंग तयार होतो आणि दुसरीकडे देव रंगवला जातो. जुने रंग सारेच निरुपद्रवी होते, असा गोड समजही येथे टिकत नाही. गेरू आणि पिवडी ही माती खरी. पण हिंगुळात पारा असतो, हरताळात आर्सेनिक आणि पारंपरिक शेंदरात शिसे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये मूर्तिविसर्जनाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत विषारी रंग टाळून नैसर्गिक रंग वापरण्यावर भर आहे. मूर्ती पाण्यात जाते तेव्हा तिच्या रंगाचा अर्थ पाण्यावर तरंगत राहत नाही. पाण्यात उतरते ते द्रव्य. ज्या रंगाने खाडीतला मासा मरतो, तो तक्त्यात कितीही मंगल असला तरी त्याचे मांगल्य तपासून पाहावे लागेल.

मांगल्याचा विषय निघालाच आहे, तर लाल रंगाचे उदाहरण घेऊ. कुंकू लाल, म्हणून लाल हा सौभाग्याचा रंग, असे आपण गृहीत धरतो. परंतु एकेकाळी महाराष्ट्रातील ब्राह्मण घरांत केशवपन केलेल्या विधवेला जे वस्त्र नेसावे लागे, ते आलवणही लालच होते. एकाच घरात एक लाल देवघरापाशी सन्मानाने बसत होता आणि दुसरा लाल माजघराच्या अंधारात. काळ्याचेही तसेच. शुभकार्यात काळा वर्ज्य म्हणतात. मग मंगळसूत्रातले मणी काळे, संक्रांतीची चंद्रकळा काळी, वारकऱ्याच्या कपाळावरचा बुक्का काळा, आणि ज्याच्यासाठी तो पायी चालतो तो विठ्ठलही काळा. काळा स्वतः शुभ नाही आणि अशुभही नाही. रंगाचा अर्थ रंगात नसतो. तो कोणी ल्यावा आणि कोणी लेऊ नये, या सामाजिक निर्णयात असतो. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा कुंकू पुसण्याचा आणि बांगड्या फोडण्याचा विधी त्यात स्पष्टपणे आला. एका गावाला ठराव करून रंग परत द्यावे लागले, यावरून ते काढून घेण्याची व्यवस्था किती पक्की होती हे कळते.

हे मी वरून सांगत नाही. आमच्या महाविद्यालयात नऊ रंगांचा तक्ता अध्यापककक्षाच्या फळ्यावर अनेक वर्षे मीच लिहीत असे. रोज मधल्या सुट्टीत त्या दिवसाच्या रंगात छायाचित्र निघे. एका वर्षी आमच्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंचे यजमान नवरात्राच्या काही महिने आधी गेले होते. त्या नऊही दिवस आल्या, साध्या फिक्या साड्या नेसून. त्यांना कोणी काही म्हटले नाही. त्या चेष्टामस्करीतही होत्या. दसऱ्यानंतर छायाचित्रे एकत्र पाहताना माझ्या लक्षात आले की नऊपैकी एकातही त्या नाहीत. प्रत्येक छायाचित्र त्यांनीच काढलेले होते. “तुम्ही उभ्या राहा, मी काढते,” असे त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या आणि पुढचे आठ दिवस आम्ही कॅमेरा आपणहून त्यांच्या हाती देत गेलो. कक्ष झाडणाऱ्या मावशीही त्यांत नव्हत्या. रोज नव्या रंगाची साडी कोठून आणायची, हा प्रश्न त्यांनी आम्हांला कधी विचारला नाही आणि आम्हीही स्वतःला विचारला नाही.

यावर असे म्हटले जाईल की रंगांचा मनावर परिणाम होतोच. शस्त्रक्रियागृहातले कपडे हिरवे असतात ते काय उगीच? परिणाम होतो, हे मान्य. सतत लाल पाहून थकलेल्या डोळ्यांना हिरव्याने विसावा मिळतो, म्हणून ते कपडे हिरवे. पण हा दृष्टीचा धर्म झाला. डोळ्यांना विसावा मिळणे आणि आत्म्याची उन्नती होणे यांत बरेच अंतर आहे, आणि ते तक्त्याने भरून निघत नाही.

मराठी संतपरंपरेने हे अंतर वेगळ्या रीतीने ओलांडले. ज्ञानदेवांच्या निळ्या रंगाच्या अभंगांत आकाश, रात्र, कृष्ण आणि पाहणारी विरहिणी सारेच निळे होत जाते. त्या निळ्याचे फळ काय, हे कोठेही सांगितलेले नाही. सोयराबाईंच्या सुप्रसिद्ध अभंगात सगळे रंग एक होतात आणि पाहणारा व पाहिला जाणारा हा भेद उरत नाही. हे लिहिणारी बाई ‘वर्ण’ या शब्दाच्या तिसऱ्या अर्थाने देवळाबाहेर उभी केलेली होती. तिने आपल्यासाठी एखादा शुभ रंग मागितला नाही; रंगारंगांतला भेदच नाहीसा झाल्याचे सांगितले. रंगाचे अध्यात्म म्हणून काही असेल, तर ते मला येथे दिसते.

मग दैनंदिन जीवनात रंग वापरायचे कसे? आवडीने, मोकळेपणाने आणि दोन गोष्टी विचारून. हा रंग माझ्या हातून पुढे कोठे जाणार आहे? आणि मी तो ल्याल्यामुळे कोणाला बाजूला उभे राहावे लागते आहे? पहिल्याचे उत्तर विसर्जनाच्या पाण्यात मिळते, दुसऱ्याचे आपल्याच छायाचित्रांत.

फळ्यावर तक्ता लिहिणे मी त्यानंतर बंद केले. काही सहकाऱ्यांना ते रुचले नाही आणि तक्ता त्यांच्या भ्रमणध्वनीवर येतच राहिला, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. त्या बाई आता निवृत्त झाल्या आहेत. त्या नऊ दिवसांत त्यांना कोणता रंग नेसावासा वाटला होता, हे मी त्यांना विचारायला हवे होते. ते राहून गेले.