केकच्या आधीची बाटली

परवा रात्री साडेअकराला मेहुण्याचा पॅरिसच्या विमानतळावरून फोन. "दाजी, दोन बाटल्या हातात धरून उभा आहे. एकीवर 'ब्रूट' लिहिलंय, दुसरीवर 'एक्स्ट्रा ड्राय'. आईला आंबट चालत नाही, बाबांना गोड चालत नाही. कुठली घेऊ?" सासू-सासऱ्यांच्या लग्नाला शनिवारी ५० वर्षं होतायत. बारा माणसांचं जेवण घरीच आहे आणि शॅम्पेनची जबाबदारी त्याच्याकडे.

तो बाबांसाठी एक्स्ट्रा ड्राय घ्यायच्या बेतात होता. इथे भलेभले फसतात, कारण एक्स्ट्रा ड्राय ही ब्रूटपेक्षा गोड. ब्रूटमध्ये लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७. देमी-सेक तर ३२ ते ५०. ही साखर द्राक्षातून उरलेली नसते. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण झालं की यीस्टचा गाळ तोंडाशी आणून, गोठवून काढून टाकतात, आणि कमी झालेलं भरून काढताना वाइनमध्ये साखर विरघळवून ओततात. एकोणिसाव्या शतकात ती इतकी सढळ हाताने पडायची की शॅम्पेन म्हणजे जवळपास सरबत. त्या काळाच्या मानाने १७ ग्रॅम म्हणजे कोरडी ठणठणीत. मग इंग्रज गिऱ्हाइकाला आणखी कोरडी हवी झाली, रँसच्या मादाम पोमेरीने १८७४ची ब्रूट काढली आणि चव बदलली. बाटलीवरची नावं बदलायची मात्र राहून गेली.

त्याला मी उलट विचारलं, "उघडणार कधी?" "केक कापताना, अजून कधी?"

माझं भांडण आहे ते इथे. आपल्याकडे शॅम्पेन केकबरोबरच फुटते, आणि तिच्यासाठी याहून वाईट मुहूर्त नाही. तोंडात क्रीम असताना ब्रूटचा घोट घेतला की तीच वाइन साखर न घातलेल्या लिंबूपाण्यासारखी लागते. लोक भिडेखातर "छान, छान" म्हणतात आणि पेला टीव्हीच्या कपाटावर ठेवून देतात. श्रीखंडाबरोबर तर देमी-सेकसुद्धा हरते.

शनिवारच्या जेवणात तिची खरी जागा पहिल्या पंधरा मिनिटांत आहे. सासूबाईंच्या कोथिंबीरवड्या आणि रवा लावून तळलेली सुरमई कढईतून थेट ताटलीत येईल, तेव्हा. तेलकट-खारट खुसखुशीत घास आणि त्यावर थंड, आंबटसर, बुडबुड्यांचा घोट, की जीभ पुन्हा कोरी. एकट्या शार्दने द्राक्षाची 'ब्लां द ब्लां' मिळाली तर सोन्याहून पिवळं; पिनो न्वार आणि मनिएच्या मिश्रणापेक्षा ती सहसा अंगाने हलकी आणि धारदार असते. मटणाचा रस्सा आला की बाटली बाजूला. तिखटाला बुडबुडे आणखी पेटवतात.

मेहुण्याची दुसरी हौस म्हणजे आईबाबांच्या लग्नाच्या सालची बाटली. कल्पना गोड आहे, पण पन्नाशीतल्या शॅम्पेनचे बुडबुडे मंदावलेले असतात, वासात अक्रोड आणि मशरूम उतरलेले असतात. मला आवडेल, पण बाराजणांतले दहाजण "खराब झालीय का?" असं विचारतील, आणि किमतीत एक छोटेखानी लग्न निघेल. सालाचा आकडा असलेली शॅम्पेन किमान तीन वर्षं मुरवावी लागते, बिनसालाची १५ महिने, हा फरक खरा आहे. पण बिनसालाची म्हणजे दुय्यम नव्हे. वेगवेगळ्या वर्षांच्या वाइन मिसळून दरवर्षी तीच चव साधणं हे तिथल्या तळघरांचं खरं कसब. मागच्या लेबलवर गाळ काढल्याची तारीख छापलेली असेल तर ती बघ, वर्षानुवर्षं दिव्याखाली उभी राहिलेली बाटली नको, एवढंच त्याला सांगितलं. शिवाय हिशेब साधा आहे. एका बाटलीत सहा पेले. ड्यूटी-फ्रीमधून माणशी दोन लिटर आणता येतात, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या, बाराजणांना एकेक पेला. एका नामांकित बाटलीपेक्षा दोन साध्या, चांगल्या ब्रूट बऱ्या.

बाकी तयारी माझ्याकडे. स्टीलची बादली, अर्धा बर्फ, अर्धं पाणी, त्यात अर्धा तास. नुसत्या बर्फात बाटली नीट गार होत नाही. एका वाढदिवसाला मी कोमट बाटली घाईने उघडली होती आणि निम्मी सतरंजीला पाजली होती. आत मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब असतो. तार सैल केल्यापासून बुचावरचा अंगठा काढायचा नाही, बूच घट्ट धरून बाटली फिरवायची. नुसता सुस्कारा ऐकू आला पाहिजे. शिंपडायची हौस १९६७मध्ये ल मान्सची शर्यत जिंकलेल्या डॅन गर्नीने लावली. त्याला सतरंजी धुवायची नव्हती.

सकाळी मेहुण्याने फोटो पाठवला. दोन ब्लां द ब्लां, दोन्ही ब्रूट, आणि मागे पिशवीतून डोकावणारी एक्स्ट्रा ड्राय. खाली लिहिलं होतं : "तिसरी आईसाठी. कस्टम्सची ड्यूटी मी भरतो."