गाडी मागच्या सीटवर बसून घ्या!

प्रत्येक होस्टेलला वर्षाकाठी एक वेड लागतं. कधी कॅरम, कधी काउंटर स्ट्राइक, कधी जिम. आपल्या होस्टेलला सध्या क्रूझरचं वेड लागलंय. मेसच्या रांगेत, व्हायवाच्या आधी, अगदी सबमिशनच्या आदल्या रात्री फाइल लिहिता लिहितासुद्धा एकच चर्चा... थंडरबर्ड घ्यावी, ॲव्हेंजर घ्यावी, की अजून थोडे पैसे जमवून मेटिऑर? नवी परवडत नाही म्हणून अर्थातच जुनी. स्टाफरूमही यातून सुटलेली नाही, हे आम्हाला ठाऊक आहे सर!

आणि गाडी कशासाठी हवी? तर ट्रिपला. लोणारला, सिंदखेडराजाला, भोकरदन-सिल्लोडवरून अजिंठ्याला. आता सांगा, ट्रिपला कुणी एकटं जातं का? मागे रूममेट असतो, मैत्रीण असते, सुट्टीत गावी गेलं की "राजूरच्या गणपतीला नेऊन आण रे" म्हणणारी आई असते. सरांच्या मागे मॅडम असतात. म्हणजे गाडी बहुतेक वेळा डबलसीटच चालणार. पण गाडी बघायला जातो कोण? चालवणारा आणि त्याचे दोन 'एक्स्पर्ट' मित्र. आवाज ऐकतात, रेस देतात, "ॲव्हरेज काय देती?" विचारतात आणि टोकन देऊन येतात. जो माणूस पुढे शेकडो किलोमीटर मागच्या सीटवर काढणार आहे, त्याला कुणी विचारतच नाही. माझं म्हणणं एवढंच, की जुनी क्रूझर घ्यायची तर ती मागच्या सीटवर बसून घ्यावी.

माझा या गाड्यांना विरोध आहे असं समजू नका. उलट डबलसीट प्रवासासाठी याच गाड्या बऱ्या. आजकालच्या स्पोर्टी गाड्यांवर मागची सीट म्हणजे उंचावर बांधलेली फळी. बसणारा माळ्यावर बसल्यासारखा दिसतो आणि ब्रेक मारला की सगळं वजन चालवणाऱ्याच्या पाठीवर. क्रूझरची सीट ठेंगणी आणि रुंद, व्हीलबेस लांब, बॅकरेस्ट लावायची सोय. भारतात ही जात सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली ती २००१ च्या कावासाकी बजाज एलिमिनेटरपासून. २००२ मध्ये रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड आली, २००५ मध्ये बजाजची ॲव्हेंजर. २०२० मध्ये बीएस-६ चे नियम आले, थंडरबर्ड बंद झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिच्या जागी मेटिऑर आली. आज जुन्या बाजारात आपल्या बजेटमध्ये फिरतात त्या मुख्यतः या तिघी.

आता थोडा इंजिनिअरिंगचा फंडा. मेटिऑर ३५० आणि ॲव्हेंजर २२० यांची पॉवर जवळपास सारखी, वीस हॉर्सपॉवरच्या आतबाहेर. पण मेटिऑर २७ न्यूटन-मीटर टॉर्क देते तो ४००० आरपीएमला. ॲव्हेंजर साडेसतरा देते आणि तोही ७००० च्या आसपास. म्हणजे दोघं बसलेले, बॅगा लादलेल्या, समोर उसाची ट्रॉली, अशा वेळी एक गाडी टॉप गिअरमध्ये सावकाश ओढत राहते आणि दुसरीचा गिअर उतरवावा लागतो. पण ॲव्हेंजर पंचवीस-तीस किलोने हलकी आहे. मामा चौकातल्या गर्दीत डबलसीट पाय टेकवत निघायचं असेल तर ते पंचवीस किलो फार कामाला येतात. ज्याची उंची कमी, ज्याला वजनदार गाडीची सवय नाही, त्याने टॉर्कच्या आकड्याला भुलू नये. मागे माणूस बसवून उभी गाडी एका बाजूला कलली तर पहिला तोच खाली जातो.

टॉप स्पीडची चर्चा तर सोडूनच द्या. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो खरा, पण त्यावर दुचाकीला प्रवेशच नाही. आपल्या वाट्याला आहे तो अंबड रोड, मंठा रोड, भोकरदन रोड. काळ्या मातीवरचा रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. सिव्हिलच्या मुलांना वेगळं सांगायला नको. त्यावर सळई लादलेले ट्रक, गाळपाच्या हंगामात मागे लाइट नसलेल्या ट्रॉल्या आणि गावोगावचे स्पीडब्रेकर. या रस्त्यांवर डबलसीट साठ-सत्तरचा वेग म्हणजे भरपूर झाला. त्यामुळे गाडी किती पळते यापेक्षा मागच्याला किती आपटते आणि लवकर थांबते का, हे बघायचं.

मागे माणूस बसल्यावर गाडीचं काय होतं, ते फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्सवर निघतं. समजा व्हीलबेस १४०० मिलिमीटर आहे आणि साठ किलोचा मित्र बरोबर मागच्या ॲक्सलवर बसलाय. साठच्या साठ किलो मागच्या चाकावर. आता कॅरिअरवर पंधरा किलोची बॅग बांधली, ॲक्सलच्या ३०० मिलिमीटर मागे. पुढच्या ॲक्सलभोवती मोमेंट घ्या. १५ गुणिले १७००, भागिले १४००. मागच्या चाकावर अठरा किलो वाढले आणि पुढचं चाक तीन किलोने हलकं झालं! एकूण अठ्ठ्याहत्तर किलोचा भार एकट्या मागच्या टायरवर. हँडल हलकं लागणं, हेडलाइटचा झोत रस्ता सोडून झाडांवर पडणं, स्पीडब्रेकरवर मागून 'थड' आवाज येणं, हे सगळं इथून सुरू होतं. म्हणून बॅग शक्यतो खाली आणि ॲक्सलच्या पुढे, दोन्ही बाजूंना वाटून. मागच्या टायरची हवा मॅन्युअलमध्ये डबलसीटसाठी दिलेली. आणि शॉकॲब्सॉर्बरचा प्रीलोड दोन खाचा वर. या तिन्ही गोष्टी फुकट आहेत, तरी फार थोडे लोक करतात.

गाडी बघायला जाताना हाच हिशेब लावा. इंजिन थंड असताना जा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर हात लावून कळतं. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. मग दोघं बसून चढावर न्या. आरपीएम चढतोय आणि गाडी पुढे सरकत नाही, म्हणजे क्लच प्लेट संपल्या. हे एकट्याने चालवून लक्षात येत नाही. मेन स्टँडवर लावून मागचं चाक दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे हलवा. खटखट लागलं तर बेअरिंग किंवा स्विंगआर्मचे बुश गेलेत. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मध्येच खाचेत अडकल्यासारखं झालं तर कोनसेट बदलावा लागेल. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही छान दिसो, पाच-सहा वर्षांचा टायर कडक झालेला असतो. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. त्याआधीची गाडी असेल तर एबीएस आहे का ते बघा, आणि असलेली शक्यतो घ्या.

मग मागच्या सीटवर कमीत कमी अर्धा तास बसा. स्वतः बसा आणि जो पुढे बसणार आहे त्यालाही बसवा. गुडघे कुठे येतात? फूटरेस्टवर पाय नीट पोचतात का? धरायला काय आहे? सायलेन्सरची धग पोटरीला लागते का? आईला न्यायचं असेल तर साडीगार्ड आहे का? हँडहोल्ड, फूटरेस्ट आणि साडीगार्ड या शोभेच्या वस्तू नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियमांतच त्या सांगितल्यात. पण 'मॉडिफाय' करणारे सगळ्यात आधी त्याच काढून टाकतात आणि वर त्या कापलेल्या सीटचे जास्त पैसे मागतात! जो विकणारा डबलसीट चक्कर मारू देत नाही, त्याची गाडी खुशाल सोडून द्या. दुसरी मिळते राव.

आता सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग. कागदपत्रं.

होस्टेलमध्ये गाड्या हातोहात विकल्या जातात. फायनल इयरवाला सेकंड इयरवाल्याला देतो, तो पुढच्याला. आरसी मात्र पहिल्याच्याच नावावर. "नंतर करू ट्रान्सफर." कायदा सांगतो की विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा. फॉर्म २९ आणि ३०. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. गाडी एमएच २१ ची नसून बाहेरच्या आरटीओची असेल तर एनओसीचं आधी विचारा. पंधरा वर्षं झालेल्या गाडीचं रजिस्ट्रेशन नव्याने करावं लागतं, पर्यावरण कर भरावा लागतो. म्हणजे २००८-०९ ची थंडरबर्ड 'स्वस्तात' मिळाली तर हा खर्च किमतीत धरा. विकणाऱ्यांनीही ऐका. ६ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार खटल्यात निकाल दिला. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे गेलेली होती. न्यायालय म्हणालं, आरसीवर ज्याचं नाव, तो मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. तुम्ही पास होऊन पुण्याला नोकरीला लागाल आणि इथे तुमच्या नावाच्या गाडीवर कुणीतरी दुसराच धडकेल.

आणि मागे बसणाऱ्याचं काय? जुनी गाडी घेतली की आपण सगळ्यात स्वस्त विमा काढतो. थर्ड पार्टी. २०२२ च्या दरांनुसार ३५० सीसीपर्यंत वर्षाला १३६६ रुपये, त्यावर २८०४. पोलिसाला दाखवायला पुरतो. पण २००६ साली तिलक सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे नेमका आपल्यासारखाच मामला होता. दुचाकी विकली गेलेली, विम्यावर नाव बदललेलं नाही आणि अपघातात मागे बसलेल्याचा मृत्यू. न्यायालयाने सांगितलं, कायद्याने सक्तीच्या असलेल्या तेवढ्याच पॉलिसीत मागे बसलेला येत नाही. म्हणजे समोरून येणारा अनोळखी माणूस त्या विम्यात येतो, आणि तुमच्या कमरेला धरून बसलेला मित्र येत नाही! पॅकेज पॉलिसी असेल तर मागे बसणारा येतो, असं विमा नियामकाने नोव्हेंबर २००९ च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय. शिवाय मागच्यासाठी वेगळा अपघात विमाही घेता येतो. चालवणाऱ्याचा जो पंधरा लाखांचा अपघात विमा असतो, तोही गाडीच्या नोंदणीकृत मालकासाठी आणि लायसन्स असलेल्यासाठी. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर तो तुमच्या कामाचा नाही. आणि फर्स्ट इयरवाल्यांनो, लर्निंग लायसन्सवर मागे मित्र बसवताच येत नाही.

कुणी म्हणेल, "एवढा विचार करत बसलो तर गाडी घेणं होणार नाही." होईल. फक्त बजेट नीट मांडायला हवं. हातात जेवढे पैसे आहेत तेवढ्याची गाडी घेऊ नका. दहा-पंधरा टक्के बाजूला ठेवा. टायर, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड, पॅकेज पॉलिसी, ट्रान्सफर आणि दुसरं हेल्मेट यातच ते जातात. आपल्याकडे मजा बघा. चाळीस हजारांचा एक्झॉस्ट बघून डोळे चमकतात, पण मागच्यासाठी हेल्मेट घ्यायचं म्हटलं की "जवळच तर जायचंय." कायद्यात हेल्मेट दोघांनाही सारखंच आहे, आणि डोकंही दोघांना एकेकच आहे.

आणखी एक. चालवणाऱ्याला रस्ता दिसतो, ब्रेक त्याच्या हातात असतो, खड्डा आला तर तो आधीच सावरून बसतो. मागच्याला यातलं काहीच नसतं. तो फक्त भरवसा टाकून बसलेला असतो, आणि बहुतेक वेळा त्याला टायरचं साल माहीत नसतं की पॉलिसीचा प्रकार. त्याच्या वतीने ते माहीत करून घेणं हे चालवणाऱ्याचं काम आहे.

तेव्हा मित्रांनो, या सुट्टीत गाडी बघायला जाल तेव्हा दोन एक्स्पर्ट मित्रांना होस्टेलवरच ठेवा. जो मागे बसणार आहे त्याला न्या. त्याने "चालेल" म्हटलं, तरच टोकन द्या.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी