मोरचूद आणि जमिनीतील सेंद्रिय द्रव्य

हवा दमट झाली की केवड्याच्या भीतीने द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणाची फवारणी होते, व ती योग्यच आहे. 1885 मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथे मिलार्दे यांनी या मिश्रणाचा गुण जगापुढे मांडला; तेव्हापासून बागाइतदारास इतका खात्रीचा सोबती क्वचितच लाभला असेल. परंतु पानांवरील तांबे पुढे जाते कोठे, याचा विचार फारसा होत नाही. पावसाने व पानगळीने ते जमिनीत उतरते, आणि मूलद्रव्य असल्यामुळे ते कुजत नाही की उडून जात नाही.

हिशेब साधा आहे. 1 टक्का मिश्रणाच्या 100 लिटर पाण्यात 1 किलो मोरचूद असते व मोरचुदात सुमारे चौथा हिस्सा तांबे. हेक्टरी 1000 लिटर फवारले की 2.5 किलो तांबे बागेत पडले. युरोपीय संघाने 2019 पासून 7 वर्षांत मिळून हेक्टरी 28 किलो, म्हणजे वर्षाला सरासरी 4 किलो, अशी मर्यादा घातली आहे. दोन फवारण्यांतच ही सरासरी ओलांडली जाते!

सुदैवाने शेणखत व पालापाचोळा कुजून बनलेला ह्यूमस तांब्यास घट्ट धरून ठेवतो, आणि मुळांना बाधक असे मोकळे तांबे कमी उरते. ही पकड प्रयोगशाळेत प्रकाशाने मोजता येते. मातीच्या अर्कावर जंबुपार किरण सोडले असता त्यातील सेंद्रिय द्रव्य मंद निळसर चमकते. यास प्रतिदीप्ती म्हणतात. अर्कात तांब्याचा द्राव थोडा थोडा घालत गेले की ही चमक मावळू लागते. किती तांब्याने ती किती मावळली, यावरून धारणशक्तीचा अंदाज बांधतात. रायन व वेबर यांनी 1982 मध्ये ही रीत मांडली. न चमकणाऱ्या द्रव्याविषयी मात्र ती मूकच राहते.

असले उपकरण गावोगाव नेण्याचा आग्रह व्यर्थ होय. माती परीक्षणाच्या अहवालात तांबे, सेंद्रिय कर्ब व सामू हे तिन्ही आकडे असतातच. चूक होते ती ते सुटे सुटे वाचण्यात. तांब्यापुढील ‘पुरेसे’ हा शेरा कमतरता नाही एवढेच सांगतो, अतिरेक नाही असे सांगत नाही. कर्ब कमी आणि जमीन आम्ल असेल, तर तोच आकडा अधिक धोक्याचा. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत ही भीती कमी. कोकणातील तांबड्या आम्ल जमिनीत, जेथे सुपारीच्या कोळेरोगासाठी हेच मिश्रण वापरतात, तेथे अधिक दक्षता हवी.

यावर शेणखत हा उपाय खरा, पण ते चांगले कुजलेले असावे. ताज्या शेणातून विरघळणारी द्रव्ये पुष्कळ सुटतात, व ती तांब्यास धरून पाण्याबरोबर खाली नेऊ शकतात. कोंबडीखतात तर खाद्यातून आलेले तांबेही असू शकते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बागाइतदाराच्या फवारणीच्या वहीत औषध व तारीख यांपुढे मोरचुदाचे किलो लिहिण्यास एक रकाना आखून द्यावा, आणि पुढील हंगामाचा सल्ला देताना ती वही व माती परीक्षणाचा अहवाल शेजारी ठेवून पाहावेत.